बेळ्ळंदूरला गेलेलं मशीन

सासूबाईंनी त्यांचं शिवणाचं मशीन धाकट्या सुनेला दिलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दोन वर्षं थांबलं नाही. मत्सर वाईट, असं म्हणतात. असेल बाई. पण मला तो भूक लागावी तसा लागायचा, रोज आणि वेळेवर. नवऱ्याला मी ते सरळ सांगितलं होतं. बहिणीला सांगितलं होतं. ऑफिसमधल्या मैत्रिणींना तर पाठच झालं होतं. फक्त सासूबाईंना एका शब्दानं बोलले नाही.

आमचं सासर बेळगावकडचं. सासरे गेल्यावर तिथलं भाड्याचं घर सोडायचं ठरलं आणि सासूबाई आमच्याकडे, बेंगळूरला जे. पी. नगरात, राहायला येणार हेही ठरलं. ठरलं म्हणजे कुणी काही विचारलं नाही. थोरला मुलगा, थोरली सून, तिथंच जायचं. सामान आवरायला आम्ही चौघं गेलो होतो: मी, माझा नवरा, धाकटा दीर आणि जाऊ. जाऊ पुण्याची. दीर आणि ती दोघंही आयटीत, राहायला बेळ्ळंदूरला, उंच इमारतीत, जिथून तळं दिसतं आणि वारा फिरला की वासही येतो.

मशीन मधल्या खोलीत होतं. काळं, पायाने चालवायचं, वर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी जाळीचं पायडल. आमच्या घराण्यात कुठलंही लग्नकार्य असो, एक वाक्य हटकून बोललं जातं: आईनं मशीनवर पोरं शिकवली. सासऱ्यांना नोकऱ्या मानवत नसत, हे त्या वाक्यापुढे कुणी जोडत नाही. सासूबाईंनी कापडदुकानांचे परकर शिवले, शाळेचे गणवेश शिवले, आणि दोन्ही मुलगे इंजिनियर झाले. कुणी हे बोललं की सासूबाई पदर सावरून दुसरीकडे बघतात. मला वाटायचं, किती विनय आहे यांच्यात!

तर ते मशीन सासूबाईंबरोबर आमच्याकडे येणार याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. त्यांचा चष्मा येणार, त्यांची गोळ्यांची डबी येणार, तसं ते येणार. हॉलच्या खिडकीखालची जागासुद्धा मी मनातल्या मनात मोकळी करून ठेवली होती. आणि जाऊ खोलीच्या दारात उभी राहून ओरडली, "अय्या, किती व्हिंटेज आहे हे! ओ माय गॉड!"

"पायजे तुला?" सासूबाई म्हणाल्या. "ने की."

झालं! चार पिढ्यांची वाटणी व्हावी एवढी मोठी गोष्ट, आणि दारात आलेल्या बाईला कढीपत्त्याची काडी द्यावी तशी देऊन टाकली. मी भांडी कागदात गुंडाळत होते. एक पितळी तांब्या मी चार वेळा गुंडाळला. माझ्या वाट्याला भांडी आली, जाडजूड गाद्या आल्या, आणि सासूबाई आल्या. गाडीत त्या माझ्या शेजारी बसून हुबळीपर्यंत निवांत झोपल्या, आणि मी खिडकीबाहेर बघत चडफडत बसले.

त्यात आणखी एक. जाऊ त्यांना 'तू' म्हणते. "आई, तू खा ना गं." मी बावीस वर्षं 'आई, तुम्ही' करतेय, अजून त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही. आणि ही परवा आलेली! आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं बोलतात, तर हिला तेही गोड वाटतं. "आई 'मी येतो' म्हणते, किती क्यूट!" म्हणे. सासूबाई हसतात. मीही निपाणीची, लग्न होऊन आले तेव्हा मीही 'मी येतो' म्हणायचे. मला कुणी क्यूट म्हणालं नाही.

पण खरी धास्ती वेगळीच होती. मला वाटायचं, बाई ज्या घरी आपलं मशीन ठेवते त्या घरी तिचा जीव असतो. आज मशीन गेलं, उद्या बाई जाणार. माझी आई लवकर गेली. सासूबाई घरात आहेत म्हणजे संध्याकाळी कुलूप न उघडता घरात शिरता येतं, आणि कुणीतरी विचारतं, "आलीस होय?" तेवढ्यासाठी मी सिल्क बोर्डाच्या चौकातला सगळा ट्रॅफिक सोसत असे. ते जर बेळ्ळंदूरला गेलं तर माझ्याकडे काय उरणार? गाद्या?

एकदा आम्ही तिकडे जेवायला गेलो तेव्हा ते मशीन मी बघितलं. हॉलमध्ये मधोमध होतं. मशीनचं डोकं खाली पोटात मिटवून वरची फळी लावली होती आणि फळीवर मनीप्लँटची मोठी कुंडी. जाळीच्या पायडलला दिव्यांची माळ गुंडाळलेली. पट्टा काढून टाकलेला. "पाय लागून फिरायचं ना सारखं, मग मीच काढला," जाऊ म्हणाली. कुंडीतलं पाणी झिरपून फळी एका बाजूने फुगली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. बघा म्हटलं आई, कुणाच्या हातात दिलंत! मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी मनीप्लँटच्या एका पानावरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणाल्या, "छान वाढलंय गं झाड."

परतताना गाडीत मी काच खाली-वर करत बसले. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." त्याला इतक्या वर्षांत एवढं कळतं की माझ्या 'काही नाही'ला पुढे प्रश्न विचारायचा नसतो.

त्यानंतर महिन्याभरात मला माझं मशीन सापडलं. चामराजपेटेत मिक्सरच्या भांड्याची पाती बदलायला गेले होते. गल्लीत एक शिंपी दुकान आवरत होता. मुलाकडे म्हैसूरला चालला होता, सामान पायरीवर काढून ठेवलेलं. त्यात एक काळं मशीन, सासूबाईंच्या मशीनसारखंच, नुसतं त्याच्यावर वर्षानुवर्षांचं तेल आणि धागे बसून काळ्या रबडीचा थर झालेला. मी नुसती थांबले तर तो म्हणाला, "ओळ्ळे मशीन अक्का. स्वल्प आयिल हाकिद्रे साकु." म्हणजे चांगलं मशीन आहे, जरा तेल घातलं की झालं. त्याचं 'जरा' म्हणजे काय ते मला पुढे तीन महिने कळत होतं. पण त्या क्षणी मी 'सरी', म्हणजे बरं, म्हणून मोकळी झाले. डोकं मांडीवर आणि लोखंडी स्टँड पायाशी आडवा घालून मी रिक्षातून घरी आले. मिक्सरचं भांडं तिथंच विसरलं.

सासूबाईंनी दार उघडलं. मशीन बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे कशाला आणलीस?"

"तुमच्यासाठी!" मी म्हटलं. "हातावर हात ठेवून बसलाय तुम्ही इतके दिवस. नीट करते बघा कसं."

त्या मागे वळल्या. आत जाऊन भाजी निवडायला बसल्या. मला वाटलं, मशीनची अवस्था बघून विश्वास बसेना त्यांचा. थांबा म्हटलं, दाखवते.

रविवारची माझी दुपार बाल्कनीत जायला लागली. आधी सगळं सुटं केलं. खालचा दोरा जिथं फिरतो त्या शटलच्या खोबणीत पिवळे, हिरवे, शाळेच्या गणवेशाचे निळे धागे असे काही गच्च बसले होते की सुई घालून एकेक ओढून काढावे लागले. रॉकेल मिळवायला मला दोन आठवडे लागले. शेवटी शिंप्याच्याच गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्यानं बाटलीत भरून दिलं. त्यात सगळे भाग भिजत ठेवले. जुन्या टूथब्रशनं मशीनचे दात घासले, ज्यांच्यावर कापड पुढे सरकतं ते. चाक जाम होतं. रोज तेल सोडायचं, रोज थोडं हलवून बघायचं, आणि एका सकाळी ते करकरत अर्धा फेरा फिरलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

चुका केल्याच. मशीनच्या अंगावरचा चिकट थर निघेना म्हणून थिनर लावून रगडलं, तर थराबरोबर सोनेरी वेलही निघून आली. डाव्या बाजूला नुसतं काळं राहिलं. रडूच आलं मला. नवरा म्हणाला, "अगं, शिवायला नक्षी लागते का?" त्याला काय सांगणार, की बेळ्ळंदूरच्या मशीनवर नक्षी अख्खी आहे?

दुसरी चूक तर विचारूच नका. एका रविवारी मशीनचं तेल संपलं. दुकान बंद. हाताशी खोबरेल होतं, डोक्याला लावायचं. तेल ते तेल, असा विचार करून मी सगळ्या भोकांतून ते सोडलं. काय गुळगुळीत चाललं मशीन त्या संध्याकाळी! पण दिवस ऑगस्टचे. बेंगळूरात ऑगस्टात रात्री गारठा पडतो हे मी, इतकी वर्षं इथं राहणारी, सकाळी बाटली गरम पाण्यात ठेवूनच तेल काढणारी, साफ विसरले. सकाळी बघते तर मशीन दगड. चाक हलेना, पायडल हलेना. आत सगळीकडे खोबरेल गोठून पांढरं झालेलं.

हे ऐकून सासूबाई हसल्या. तोंडावर पदर घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "डोक्याचं तेल मशीनला घाटलीस होय! आता त्याला वेणी घाल!" त्या घरी आल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मलाही हसू आलं. मला वाटलं, आलं, जमत आलं. आता त्या उठतील, बाल्कनीत येतील, माझ्या शेजारी बसतील. त्या उठल्या, फोन घेतला आणि धाकटीला लावला. "ऐक की, थोरलीनं काय केलं सांगतो..." माझी फजिती, माझं मशीन, माझं खोबरेल, आणि हसायला ती! मी हेअर ड्रायरनं मशीनमधलं तेल वितळवत बसले, आणि मला वाटतं हेअर ड्रायरपेक्षा मीच जास्त तापले होते.

बाल्कनीत त्या कधी आल्याच नाहीत. "रॉकेलचा वास येतोय," म्हणून मधलं दार लावून घ्यायच्या. रॉकेल संपलं, धुऊन पुसून झालं, तरी दार लावायच्या. पण मी काही विचारलं तर दाराआडून उत्तर यायचं, न बघता. नवा चामड्याचा पट्टा बसवताना मी ओरडले, "आई, किती ताठ हवा हो?" आतून आवाज: "एक बोट शिरलं पायजे." पहिल्यांदा टीप मारून बघितली तर आतूनच म्हणाल्या, "खालचा दोरा सैल हाय." त्यांनी कापडही पाहिलं नव्हतं. नुसत्या आवाजावरून! मी बॉबिनचा स्क्रू पिळला, टीप सरळ बसली. एवढं येतं या बाईला आणि माझ्याजवळ येऊन बसायला होत नाही, म्हणून मी आणखीनच चिडले. बेळ्ळंदूरच्या मशीनशी इमान राखतायत, असं मी ठरवून टाकलं.

सप्टेंबरात मशीन खरंच चालायला लागलं. मी पडदे दुमडायला घेतले, उशांचे अभ्रे शिवायला घेतले. त्याची ती टकटक घरभर ऐकू यायची आणि मला अभिमान वाटायचा. एका संध्याकाळी दोरा तुटला म्हणून मी पाय थांबवला. हॉलमधून नवऱ्यानं पेपरातून मान वर न करता हाक मारली, "का गं, का थांबलं?" मी म्हटलं, "दोरा तुटला." आपल्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. पित्त झालं म्हणाल्या.

खंडेनवमीला मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. इकडे आयुधपूजेला बसपासून संगणकापर्यंत सगळ्याला फुलं चढतात; आमच्या इमारतीच्या खाली सगळ्या गाड्यांना केळीचे खुंट बांधले होते. मी मशीन खिडकीखाली, त्या माझ्या ठरलेल्या जागी मांडलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुढे कोहळा ठेवला. दिसायला देखणं दिसत होतं, आणि डाव्या बाजूची गेलेली वेलसुद्धा माळेखाली झाकली गेली होती. दीर आणि जाऊ दुपारी आले. जाऊनं दारातूनच दोन्ही हात गालांना लावले.

"ताई! हे तू केलंस? एकटीनं? सीरियसली?" तिनं चारी बाजूंनी फोटो काढले. "माझ्या मशीनचं पण कर ना असं. ते नुसतं पडलंय बिचारं."

पडलंय बिचारं! पुरणपोळी लाटता लाटता माझ्या हातून फाटली. तरी मी हसले. आज माझा दिवस होता. उद्या दसरा, हत्यारं पुन्हा हातात घ्यायचा मुहूर्त. उद्या सकाळी सासूबाईंनी झेंडू काढून पहिली टीप मारायची, असं मी मनाशी केव्हाच ठरवलं होतं.

जेवणं झाली. जाऊ सासूबाईंच्या मांडीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "आई, आता तू आमच्याकडे ये ना राहायला. खोली रिकामी आहे. दिवाळीपर्यंत तरी?" हे ती दर वेळी विचारायची. दर वेळी सासूबाई म्हणायच्या, बघू गं. गेल्या दोन वर्षांत त्या तिकडे एक रात्रही राहिल्या नव्हत्या.

"येतो," सासूबाई म्हणाल्या. "उद्याच येतो. दुपारी न्यायला ये."

मी उरलेला मसालेभात डब्यात काढत होते, डाव तसाच हातात राहिला. नवरा माझ्याकडे बघायला लागला. दीर म्हणाला, "अरे वा!" मला वाटलं, संपलं. तीन महिने हात काळे केले, बाल्कनीत गुडघे मोडून बसले, आणि ज्या दिवशी मशीन पूजेला बसलं त्याच दिवशी बाई निघाली.

सकाळी उठले तर त्यांच्या खोलीत पिशवी भरून ठेवलेली. दोन लुगडी, गोळ्यांची डबी, तांब्या. नवरा आंघोळीला गेला होता. मी हॉलमध्ये मशीनपाशी उभी राहिले आणि माझं डोकं फिरलं.

"आई, जाताय तर जा," मी म्हटलं. "मी कोण अडवणार? पण आज दसरा आहे. तुमच्यासाठी केलंय हे मी. तेवढा झेंडू काढा, एक टीप मारा, आणि मग जा खुशाल."

त्या खोलीच्या दारात थांबल्या. मग आल्या, स्टुलावर बसल्या, माळ काढून बाजूला ठेवली. मी दुमडलेल्या पडद्याचं टोक सुईखाली सरकवलं. त्यांनी चष्मा वगैरे काही मागितला नाही. उजव्या हातानं चाकाला झटका दिला आणि पाय चालायला लागले. मी तीन महिन्यांत जी टीप मारू शकले नव्हते ती त्यांनी मारली, एका दमात, रेघ ओढल्यासारखी. मी टाळी वाजवणार एवढ्यात बघितलं, त्यांचे डोळे गळत होते. पाय चालतच होते. कापड संपलं, सुई नुसती दातांवर टकटकत राहिली, तरी पाय चालतच होते.

मी चाक धरून थांबवलं.

"थांबत न्हाईत," त्या म्हणाल्या. "बसलं की आपोआप चालतात. म्हणून बसत न्हवतो."

मी खाली फरशीवर बसले. त्या पदरानं तोंड पुसत बोलायला लागल्या, आणि ज्या बाईनं बावीस वर्षांत माझ्याजवळ स्वतःबद्दल चार वाक्यं सलग सांगितली नव्हती, ती बोलतच राहिली.

"हे ओसरीवर पेपर वाचत बसायचे," म्हणजे सासरे. "मशीनचा आवाज थांबला की हाक मारायचे. का गं, का थांबलं? चिडून न्हवं. नुसतं विचारायचे. पाणी प्यायला उठलो तरी विचारायचे. पोराला पाजायला घेतलं तरी विचारायचे. शेजारी म्हणायचे, किती काळजी हाय मालकांना. मी कुणाला काय सांगणार? मारत न्हवते, पीत न्हवते, शिवी न्हाई की काय न्हाई. वर्षात एकच दिवस विचारत न्हवते, खंडेनवमीला. हळदकुंकू लावलं की मशीनला हात लावायचा न्हाई, देवाचंच सांगणं. त्या दिवशी मी दुपारची झोपायचो. आणि दसऱ्याला सकाळी तो झेंडू काढायला हात उठायचा न्हाई बघ."

त्यांनी बाजूला काढलेल्या माळेकडे मी बघितलं. मीच म्हटलं होतं, झेंडू काढा.

"परवा माझ्या पोरानं तशीच हाक मारली," त्या म्हणाल्या. "त्याचा काय दोष? त्याला काय ठाऊक? पण आवाज तोच, आईशप्पत सांगतो, तोच. मग म्हटलं, आता हितं राहायला होईना."

"म्हणून बेळ्ळंदूरला चाललाय? पण तिथं तर तुमचं खरं मशीन आहे!"

"त्याच्यावर झाड हाय. ते काय बोलतंय?"

माझ्या तोंडून तो प्रश्न शेवटी बाहेर पडला. इतकी वर्षं गिळलेला, आणि अशा वेळी विचारायचा नव्हता तरी. "आई, पण मशीन तिला दिलंत. मला का नाही दिलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी फारच बावळट प्रश्न विचारला होता.

"तुला दिलं असतं तर मी राहायचं कुठं?"

नवरा डोकं पुसत बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी फरशीवर बसून रडत होतो. कधी त्या स्टुलावरून खाली आल्या मला आठवत नाही. "काय झालं?" तो म्हणाला. त्याच्या आई म्हणाल्या, "काही न्हाई." मी त्याला म्हटलं, "कपडे घाल आणि हे उचलायला लाग."

आमच्या मागच्या गल्लीत एक बाई ब्लाउज शिवते. भाड्याच्या मशीनवर शिवायची. आम्ही दोघांनी स्टँड लिफ्टमध्ये घातला, डोकं मी कडेवर घेतलं, आणि चहाच्या आत ते तिच्या दारात नेऊन ठेवलं. तिला वाटलं दुरुस्तीला आणलंय. घे म्हटलं, तुझंच. ती लगेच बसून चालवायला लागली, आणि तिचे पाय माझ्या पायडलवर बघून मला जरा झोंबलंच. तीन महिने घासलेलं हो ते मी. पण मी मागे वळून बघितलं नाही, लांब येईपर्यंत टकटक ऐकू येत होती तरी.

घरी आले तर सासूबाईंनी पिशवी रिकामी केली होती आणि खिडकीखाली सतरंजी टाकून आडव्या झाल्या होत्या. सकाळचे दहा वाजले होते. चक्क घोरत होत्या.

मी बाल्कनीत जाऊन जावेला फोन लावला. म्हटलं, आई आज येत नाहीत.

"का?"

"गुडघे दुखतायत."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी खोली आवरली, ताई. नवीन चादर घातली. नवीन नाइट लॅम्प आणला." तिचा आवाज चिरकला. "आईला तूच आवडतेस. मला माहितीये. मी कितीही काही केलं तरी ती संध्याकाळी तुझ्याकडेच परत येते. मला ना, खरं सांगू, फार राग येतो तुझा."

बेळ्ळंदूरच्या चौदाव्या मजल्यावर बसून ही बाई माझा हेवा करत होती! दोन वर्षं मी ज्या वाक्यासाठी जीव टाकला असता ते वाक्य तिनं स्वतःच्या तोंडानं मला दिलं. आत सासूबाईंचं घोरणं ऐकू येत होतं. मशीन तिला का दिलं ते सांगितलं असतं, तर तिच्याकडे काहीच उरलं नसतं.

"असं काय बोलतेस," मी म्हटलं. "मशीन तर त्यांनी तुलाच दिलं ना?"

"हो ना," ती म्हणाली, नाक ओढत. "ते मात्र मलाच दिलं."

"मग?"

"हो," ती म्हणाली, आणि तिला जरा बरं वाटल्याचं मला फोनवरही कळलं.